भिंत पडली, घर उभे आहे

२०२० सालच्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला आलेला महापूर भंडारा जिल्ह्यातील माणसे सहजासहजी विसरणार नाहीत. वर मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला, संजय सरोवराचे पाणी सोडण्यात आले आणि पाहता पाहता नदी काठ सोडून गावांत शिरली. मी त्या वेळी जिल्ह्यातील एका लहानशा मिशन केंद्रावर सेवेला होतो. पाणी ओसरताच चार-पाच तरुणांना बरोबर घेऊन मी नदीकाठच्या गावांतील पडझडीची यादी करण्यास निघालो. मदत देणाऱ्या एका संस्थेने आमच्या हाती छापील तक्ते दिले होते. घर कच्चे की पक्के? पडझड पूर्ण की अंशतः? ज्याची पडझड ‘पूर्ण’ त्याला नवे घर बांधण्यासाठी रक्कम मिळणार होती. ‘अंशतः’ असेल त्याला काही पत्रे, धान्य आणि भांडीकुंडी.

पवनी तालुक्यातील एका गावी, चिखलातून वाट काढीत आम्ही एका मोठ्या घरापाशी आलो. घराची मागची भिंत सपशेल विरघळून गेली होती. उत्तरेच्या भिंतीला माणूस आत-बाहेर करील एवढे भगदाड पडले होते. आतला देव्हारा, धान्याची ढोली, दोरीवरचे कपडे, सारे रस्त्यावरून दिसत होते. पुढच्या सपरीत, म्हणजे आपण ज्याला ओटी किंवा पडवी म्हणतो तेथे, ऐंशीच्या घरातले एक गृहस्थ खांबाला पाठ टेकून शांतपणे बसले होते.

“घर पडले का, बाबा?” मी विचारले.

“भिंत पडली जी,” ते म्हणाले, “घर उभा आहे.”

मी ते उत्तर म्हाताऱ्या माणसाचा हट्ट म्हणून सोडून दिले. डोळ्यांसमोर भिंती नव्हत्या आणि हा माणूस घर उभे असल्याचे सांगत होता. ते शब्दशः खरे बोलत होते, हे समजायला मला पुढे कित्येक दिवस लागले.

त्या घराची बांधणी समजून घेतल्याशिवाय ते वाक्य समजत नाही. झाडीपट्टीतील, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या वनप्रदेशातील, जुन्या घराच्या भिंती छपराचा भार वाहत नाहीत. आधी लाकडाचा सांगाडा उभा राहतो. जमिनीत रोवलेल्या दगडी तळखड्यांवर सागवानाचे खांब, खांबांच्या डोक्यांवर आडव्या तुळया (तिकडे त्यांना मयाल म्हणतात), मधल्या उंच खांबांवर आढे आणि आढ्यापासून दोन्ही बाजूंना उतरणारे वासे. वाशांवर बांबूच्या कामट्या आणि त्यांवर कुंभाराने हाताने घडवलेली, नळीच्या अर्ध्या भागासारखी कौले, तिकडच्या भाषेत कवेलू. एवढे झाले की घर झाले. मग खांबांच्या मधल्या जागा माती आणि धानाचे तणस तुडवून, थरावर थर चढवून भरायच्या. भिंत म्हणजे घराने पांघरलेले कापड. ते भिजले, फाटले, तर बदलायचे.

हे घर सोळा खांबांचे होते. पुढे सहा खांबांची सपरी, मागे माजघर, त्याला लागून स्वयंपाकघर, बाजूला गुरांचा कोठा. माजघरावर फळ्यांचा माळा होता आणि फळ्यांवर मातीचा चांगला जाड थर दिलेला होता. हा थर कशासाठी, असे मी विचारले तेव्हा दोन कारणे मिळाली. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा कौलांची आग खाली उतरू नये, हे एक. आणि वर आगीची ठिणगी पडून छप्पर जळालेच, तर खालचे धान्य आणि माणसे वाचावीत, हे दुसरे. सबंध सांगाड्यात लोखंडाचा खिळा जवळजवळ नव्हता. एका लाकडाच्या टोकाला जीभ, दुसऱ्याच्या अंगात तेवढीच खाच आणि दोहोंना आरपार जाणारी लाकडाची खुंटी. वाकस, पटाशी, करवत आणि सुताराची नजर यांपलीकडे त्या कामाला काही लागलेले नव्हते.

रोममध्ये शिकत असताना एका उन्हाळ्यात मी पोलंडमधील सहाध्यायाबरोबर त्याच्या डोंगराळ प्रदेशात गेलो होतो. तेथे डेंबनो नावाच्या खेड्यात पंधराव्या शतकातील लाकडी चर्च आहे. २००३ साली युनेस्कोने दक्षिण पोलंडमधील सहा लाकडी चर्चेस जागतिक वारशाच्या यादीत घेतली, त्यांतले ते एक. तेथे ओंडके आडवे, एकावर एक रचलेले आहेत आणि कोपऱ्यात ते एकमेकांच्या खाचांत बसवलेले आहेत. त्या इमारतीत भिंत हेच लाकूड आणि लाकूड हीच भिंत. मला ती वास्तू अपूर्व वाटली होती, मी तिच्याविषयी घरी लांबलचक पत्रही लिहिले होते. भंडाऱ्याच्या त्या घरापाशी उभा असताना मात्र मला तिची आठवण झाली नाही. चिखलाने भरलेले ते घर मला वास्तू वाटलेच नव्हते.

दोन्हींमधला फरक झाडांनी आणि हवेने ठरवला आहे. थंड मुलखात सूचिपर्णी वृक्ष सरळसोट वाढतात, त्यांचे ओंडके सारखे आणि तुलनेने हलके असतात, आणि जाड लाकडी भिंत आतली ऊब राखते. आपल्याकडे ऊब राखण्याचा प्रश्नच नाही. आपल्याकडे वाळवी आहे. ओंडके जमिनीलगत आडवे रचले तर वाळवीला ते आमंत्रणच ठरेल. म्हणून लाकूड उभे करायचे, त्याचा पाय दगडावर ठेवायचा, आणि जमिनीला टेकेल ते काम मातीला द्यायचे. सागाच्या गाभ्यात असे द्रव्य असते की वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. बाहेरचा पांढरट भाग मात्र ती आवडीने खाते. पूर्वीचे सुतार हा पांढरा भाग तासून टाकीत, हे मी त्या खांबांवर हात फिरवून पाहिले आहे.

सागाच्या आयुष्याविषयी शंका असेल त्याने पुण्याजवळ कार्ल्याच्या लेण्यांत जावे. तेथील चैत्यगृहाच्या छताला लावलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षे जागच्या जागी आहेत. खडकात कोरलेल्या छताला त्यांच्या आधाराची गरज नव्हती. पण ज्यांनी ते कोरले त्यांच्या डोळ्यांत घर म्हणजे लाकडाचे घर होते, आणि दगडात शिरल्यावरही त्यांना लाकूड सोडवले नाही. खुद्द पवनीला १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन बौद्ध स्तूप सापडला. अशा स्तूपांभोवतीचे दगडी कठडे पाहावेत, उभ्या खांबांत आडव्या पट्ट्या अडकवण्याची त्यांची रीत थेट सुताराकडून आलेली आहे.

सेमिनरीत ग्रीक शिकलेल्या माणसाची एक खोड येथे सांगून टाकतो. मार्ककृत शुभवर्तमानात नाझरेथचे लोक येशूचा उल्लेख सुतार म्हणून करतात. तेथे मूळ ग्रीक शब्द ‘तेक्तोन’ असा आहे. लाकूडकाम करणारा आणि घरे बांधणारा असे दोन्ही अर्थ त्यात बसतात. सागाला वनस्पतिशास्त्राने दिलेले नाव ‘टेक्टोना’. दक्षिणेतील ‘तेक्कू’ या शब्दावरून पोर्तुगीजांनी ‘तेका’ केले, आणि अठराव्या शतकात शास्त्रज्ञांनी त्याला लॅटिन पेहराव चढवताना तो ग्रीक सुतारही त्यात आणून बसवला. ही मौज मी त्या बाबांना सांगितली. ते हसले नाहीत. “सुताराचाच झाड आहे तो,” एवढेच म्हणाले, जणू ग्रीकांनी त्यात नवे काही केले नव्हते.

घर त्यांच्या आजोबांनी बांधले होते. वर्ष कोणालाच सांगता आले नाही, पण ‘मालगुजारी होती तेव्हा’ असे सारे एकमुखाने सांगत. या दोन शब्दांत त्या भागाचा मोठा इतिहास आहे. १८५४ साली भोसल्यांचे नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. पुढच्या दशकातील जमाबंदीत मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा गोळा करून भरणाऱ्यांना, गावावर मालकी हक्क मिळाले आणि शेतीबरोबर गावालगतचे जंगल, तलाव, पडीत जमीन असे बरेच काही त्यांच्या हाती गेले. सरकारने राखलेली जंगले निराळी. रयतेला घरासाठी, अवजारांसाठी, सरपणासाठी जंगलातून जे घेता येई त्याला ‘निस्तार’ म्हणत. मात्र सागवानाला मालगुजाराची परवानगी लागे, आणि परवानगी फुकट मिळत नसे. बाबांच्या आजोबांनी सोळा खांबांसाठी दोन हंगाम मालगुजाराच्या शेतावर बिनमजुरी काम केले, असे त्या घरात सांगितले जाई. लाकूड हिवाळ्यात पाडले, बैलांकडून ओढत आणले. आराकसांनी ते खड्ड्यावर आडवे टाकून, एकाने वर आणि एकाने खाली उभे राहून कापले. बांबू गावच्या तलावात महिनाभर बुडवून ठेवला, म्हणजे त्यातील सत्त्व पाण्यात उतरते आणि त्याला भुंगा लागत नाही. सारे लाकूड जमायला चार वर्षे लागली आणि घर मात्र एका उन्हाळ्यात उभे राहिले.

३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी कायद्याने संपली. जंगले आणि तलाव शासनाकडे आले. तलावांना आजही ‘मामा तलाव’ म्हणतात, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. नवख्या माणसाला वाटते, कोणा मामाने बांधले असतील. मालगुजाराचा जाच गेला हे चांगलेच झाले. पण त्यानंतर सामान्य शेतकऱ्याला असे घर पुन्हा बांधता आले नाही, हेही खरे आहे. सागाचा एक खांब आणायचा तर परवाना, मोजणी, शिक्का, आणि बाजारात त्याची किंमत अशी की त्यात विटांची एक खोली व्हावी. काम नाहीसे झाले तसे सुतारही गेले. त्या गावी सुताराचे शेवटचे घर आता फर्निचर घडवते, तेही प्लायवुडचे.

घर पुसट होत जाण्याला आणखीही कारणे होती, आणि ती सांगितली नाहीत तर घरातल्या स्त्रियांवर अन्याय होईल. कौले दर उन्हाळ्यात उतरवून पुन्हा लावावी लागतात. जंगल विरळ झाल्यापासून वानरांच्या टोळ्या गावात राहायलाच आल्या आहेत. एक टोळी छपरावरून गेली की पन्नास कौले फुटतात. हाताने कौले घडवणारा कुंभार उरला नाही. दर सणाला भिंती सारवायच्या, दर पावसाळ्यात भांडी मांडून गळती झेलायची. धाकट्या सूनबाई मला स्पष्ट म्हणाल्या, “फादर, तुम्हाला खांब दिसतात, मला विंचू दिसतात.” शिवाय त्या भागात मुलीचा बाप आता स्थळाचे घर पाहताना आधी वर पाहतो: स्लॅब आहे की नाही?

आता माझ्या तक्त्याकडे येतो. तिघा भावांमध्ये घराची वाटणी झालेली होती. थोरल्याच्या, म्हणजे बाबांच्या, कुटुंबाकडे दोन खोल्या आणि सपरी असा भाग होता. मी पहिल्या रकान्यात ‘कच्चे’ असे लिहिले. त्यात मला विचार करण्यासारखे काहीच वाटले नाही. माती म्हणजे कच्चे, सिमेंट म्हणजे पक्के, हे आपल्या अंगवळणी पडलेले आहे. २०११ च्या जनगणनेत हाताने घडवलेली कौले आणि यंत्रावर पाडलेली कौले यांची गणती वेगवेगळी झाली. २०१६ साली सुरू झालेल्या पंतप्रधान आवास योजनेतही पात्रतेची सुरुवात कच्च्या भिंती आणि कच्चे छप्पर येथूनच होते, आणि पात्र ठरलेल्याला किमान पंचवीस चौरस मीटरचे पक्के घर बांधण्यासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळतात. योजनेने लाखो लोकांच्या डोक्यावर छप्पर घातले, तिच्याविषयी माझी तक्रार नाही. पण या मोजपट्टीने सेवाग्रामची बापूकुटीही कच्चीच ठरेल.

दुसऱ्या रकान्यापाशी मी थांबलो. खरे उत्तर ‘अंशतः’ हे होते. दोन भिंती गेल्या होत्या, छपराची काही कौले घसरली होती. मोठ्या मुलाने माझ्याकडे पाहिले. टाळेबंदीत त्याचे नागपूरचे काम सुटले होते, उभे धानाचे पीक पुरात गेले होते. त्याने तोंडाने काहीच मागितले नाही. मी ‘पूर्ण’ असे लिहिले आणि सही केली. दया म्हणून लिहिले, असे मी त्या रात्री स्वतःला सांगितले, आणि मला झोपही शांत लागली.

महिन्याभराने संस्थेचा माणूस पाहणीला आला. त्याने घराची छायाचित्रे घेतली आणि मला दूरध्वनी केला. घर तर उभे आहे, मग पूर्ण पडझड कशी? त्याचा सूर तुसडा नव्हता. रक्कम मंजूर झालेली आहे, जागा पंधरा दिवसांत मोकळी करून द्या, म्हणजे नोंद बदलावी लागणार नाही, असा मार्गही त्यानेच सुचवला. मी नोंद चुकीची आहे असे कबूल केले असते तर कुटुंबाची रक्कम गेली असती. दोन्ही गोष्टी मी सपरीत बसून त्यांना सांगितल्या. मुलांनी रक्कम निवडली. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तीच निवडली असती. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “तुम्ही ‘पूर्न’ लिहिला ना जी, मग पूर्नच म्हना.” झाडीबोलीत ‘ण’ नाही, तो ‘न’ होतो. त्यांच्या तोंडून माझा शब्द त्या उच्चारात ऐकताना मला तो माझाच आहे हे नाकारता येईना.

घर उतरवले त्या दिवशी मी गेलो. जावे लागेल असे मला वाटले. आदल्याच दिवशी शहरातून एक लाकूडव्यापारी येऊन आतल्या खांबांचा सौदा करून गेला होता. जुन्या सागाला मोठी मागणी आहे, त्याचे सोफे होतात. कौले उतरली, कामट्या उतरल्या, वासे उतरले. मग खांब आणि मयाल यांच्या सांध्यांतल्या खुंट्या ठोकून काढायला सुरुवात झाली. मी समजत होतो की आता करवत लागेल, कुऱ्हाड लागेल. काहीच लागले नाही. खुंटी सुटली की तुळई आपोआप हातात येत होती, जणू कालच बसवली होती.

आणि तेव्हा त्या खुणा दिसल्या. खांबाच्या जिभेवर पटाशीने एक चीर, तुळईच्या खाचेत एक चीर. दुसऱ्या खांबावर दोन, त्याच्या तुळईत दोन. तिसऱ्यावर तीन. पूर्वेच्या बाजूच्या चिरा सरळ, पश्चिमेच्या तिरप्या. साठ-सत्तर वर्षांहून अधिक काळ सांध्यांच्या आत अंधारात राहिलेल्या त्या खुणा ताज्या होत्या. जमिनीवर घडवून, क्रम लावून, मग उभे करण्यासाठी सुताराने त्या केल्या होत्या. त्याच खुणांनी ते घर उतरवून दुसरीकडे पुन्हा उभे करता आले असते. पुरापासून दूर, उंच जागी नेता आले असते. हे मला कोणी सांगितले नाही, कारण मी कोणाला विचारलेच नव्हते. मी ज्या सायंकाळी तक्ता भरला त्या सायंकाळी गावात ते सांगू शकणारी निदान दोन माणसे होती.

माझ्या वडिलांचे वसईचे घर मी सेमिनरीत असताना पाडले गेले. त्यालाही खांब होते, ओटी होती, आणि माळ्यावर आम्ही भावंडे लपत असू. बाबांनी पत्रातून कळवले, मी उत्तरात अभिनंदन केले. नव्या घराच्या आशीर्वादविधीला मी आलो होतो. ते खांब कोठे गेले, असे मी त्यांना कधी विचारले नाही. बाबा आता नाहीत.

सपरीचे सहा खांब मात्र म्हाताऱ्याने विकू दिले नाहीत. सौदा झाला होता तरी नाहीच. मुले रागावली, व्यापाऱ्याने भाव वाढवला, शेवटी ते खांब गोठ्याच्या कडेला एकावर एक रचून ठेवले गेले.

२०२२ साली माझी बदली झाली, तेव्हा निरोप घ्यायला मी त्या गावी गेलो. सिमेंटच्या दोन खोल्या उभ्या होत्या, गुलाबी रंगाच्या, नीटनेटक्या. सूनबाईंनी कौतुकाने मला स्वयंपाकाचा ओटा आणि नळ दाखवला. आणि खोल्यांच्या पुढे, पत्र्याखाली, सहा खांबांची सपरी उभी होती. पुरात भिजून खांबांचे पाय खराब झाले होते, ते हातभर कापून टाकावे लागले होते. मयाल बसवताना मुलांनी खुणा पाहिल्या नव्हत्या. दोन चिरांच्या खांबावर तीन चिरांची तुळई आली होती आणि सांध्यात पत्र्याची पाचर ठोकलेली होती. बाबा त्यांच्या जुन्याच खांबाला टेकून बसले होते.

“बुटकी झाली जी,” ते म्हणाले.

मी वाकून आत गेलो. पूर्वी छत्री अडकवायला हात वर करावा लागे ती खुंटी आता माझ्या छातीशी आली होती. छत्री तिच्यावर अडकवली तर तिचे टोक जमिनीला टेकू लागले. बाबांनी ती माझ्या हातून घेतली आणि भिंतीशी उभी करून ठेवली.